बरणी कुठे निघाली होती

आमच्या गावात दर उन्हाळ्यात पायोनियर डे असतो. ज्यांच्या आजा-पणज्यांनी सरकारकडून फुकटात जमीन घेतली आणि नेब्रास्काच्या या माळावर गवताळ ढेकळांची घरं रचली, त्यांच्या कौतुकाचा दिवस. जमीन रिकामी होती म्हणे. आधीचे लोक काय हवेत राहत होते, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हापासून मला भाषणांना नाही, सँडविचच्या टेबलावर बसवतात.

बसते आपली. आमचे हे इथे डॉक्टर म्हणून आले, त्यांच्यामागे मी आले, जन्म इथेच गेला. पण त्या दिवशीचा थाट बघवत नाही हो. बायका पॉलिएस्टरच्या टोप्या बांधून फिरतात. ढेकळांच्या घराचा नमुना केलाय, त्याला एसी. त्यात उभं राहून म्हणायचं, आमच्या लोकांनी किती सोसलं.

आपलेही काही कमी नाहीत म्हणा. तिकडे पूर्वेला पार्सिपनी गावात एका मराठी कार्यक्रमात आधी आलेल्या पिढीचा सत्कार होता. एकेक काका माइक धरून सांगत होते, आमच्या वेळी कोथिंबीर मिळायची नाही. जसा काही दुष्काळच. आमच्या ह्यांनीही बर्फातून गाडी कशी काढली ते सांगून टाळ्या घेतल्या. शेजारी मी फावडं घेऊन होते, ते गोष्टीतून गळलं. बायकांना कोणी विचारलंच नाही. आम्ही खाली बसून डब्यांची झाकणं शोधत होतो.

तर यंदा म्युझियमच्या कमिटीला लहर आली की जुन्या लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आणि पायोनियर डेला हॉलमध्ये जेवणाच्या वेळी ऐकवायच्या. चेअरमन म्हणजे बँकेतून रिटायर झालेला गृहस्थ. आवाज असा की सगळा माळ ह्यानेच नांगरला. त्याची आत्या माझी शेजारीण, वय त्र्याण्णव, कान थोडे गेलेत, जीभ शाबूत. तिचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं, कारण मी रोज तिच्याकडे चहाला जातेच. ती मला डॉक्टरीणबाई म्हणते, रागावली की पोरी.

तिच्या आईची एक दगडी बरणी म्युझियमच्या काचेच्या कपाटात आहे. पावाच्या आंबवणाची. आपल्या विरजणासारखंच, थोडं मागे ठेवायचं आणि त्यावर पुढचं लावायचं. बरणीखाली पाटी: ‘ही बरणी मांडीवर घेऊन ती या माळावर घर वसवायला आली.’ पत्रकावर फोटोही तिचाच.

मी फोन टेबलावर ठेवला आणि विचारलं, “बरणीचं सांगा.”

“येताना कसली बरणी,” म्हातारी म्हणाली. “ती इथे आल्यावर घेतली. आई निघाली होती ती घेऊन.”

“कुठे?”

“परत. तिच्या आईकडे.”

मग सगळं आलं. वडील गुरं विकायला गेले होते. दोन्ही पोरं घेऊन आई तारेच्या कुंपणाच्या कडेकडेने स्टेशनपर्यंत चालत गेली, बरोबर कपड्यांचं गाठोडं आणि ती बरणी. आंबवण घेऊन निघालेली बाई परत यायला निघालेली नसते, हे कुठल्याही बाईला कळेल. स्टेशनमास्तरने तिकीट दिलं नाही. नवरा कुठाय म्हणाला, बसवून ठेवलं आणि निरोप धाडला. वडील गाडी घेऊन आले. सगळ्यांना गाडीत चढवलं. घरी येऊन तिने पाव लावला. ही शेजारीण त्यानंतर जन्मली.

“आई हे मला कणीक मळताना सांगायची,” ती म्हणाली. “भावांना कधी सांगितलं नाही. आता मी गेले की कोणाला माहीत नसेल. मी जिवंत असताना हॉलमध्ये हे लागलं पाहिजे.”

चेअरमनने ऐकलं आणि मला फोन केला. “डॉक्टरीणबाई, आत्याचं वय झालंय. गोष्टी एकात एक मिसळतात.”

“तारीखवार सांगतात त्या सगळं.”

“लोक जेवत असतात हो तेव्हा. मुलंबाळं असतात.”

“मग त्यांना सांगा ना, स्टेशनमास्तर कसा होता.”

तो हसला. हे हसणं मला चांगलं ठाऊक आहे. बायको जेवताना खरं बोलली की पुरुष पाहुण्यांकडे बघून असंच हसतात. त्या दोन पोरांतला एक ह्याचा बाप, म्हणजे पळून निघालेल्यांत तोही. तेच ह्याला पचत नव्हतं.

पायोनियर डेला मी तिला व्हीलचेअरवर घेऊन गेले. हॉल भरलेला. तिचा आवाज लागला: बर्फ, टोळ, पावाचा वास. आणि बंद. स्टेशन नाही, गाडी नाही. टाळ्या पडल्या. चेअरमन डोळे पुसत होता.

“संपलं?” तिने मला विचारलं.

“त्यांच्यापुरतं संपलं.”

तिने पुतण्याला हाक मारली. “बरणी दे.”

“आत्या, कार्यक्रमानंतर बोलू.”

“ती मी ठेवायला दिली होती. दान नाही केली.”

सगळे बघत होते. त्याने किल्ली शोधायचं नाटक थोडा वेळ केलं, मग काच उघडली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, काय झालं? म्हातारी म्हणाली, “ह्याच्याकडे पूर्ण रेकॉर्डिंग आहे. ऐकवा म्हणा.” आणि बरणी मांडीवर घेऊन निघाली. मी व्हीलचेअर ढकलत होते. मागे सँडविचं कोणी वाटली देव जाणे.

महिनाभर कपाट रिकामं आणि पाटी जागच्या जागी. लोक विचारायला लागले तेव्हा चेअरमन आला, हातात नवी पाटी. ‘या बरणीच्या इतिहासाबद्दल मतभेद आहेत.’

“कोणाकोणात?” म्हातारीने विचारलं.

त्याने पाटी काखेत मारली.

“पूर्ण लाव, मग बरणी ने.”

“कमिटीला विचारावं लागेल, आत्या.”

“विचार.”

अजून विचारतोच आहे. कमिटीत सात पुरुष आणि एक टोपीवाली, त्यांना एका बाईचं चालत जाणं जड झालंय. हाच चेअरमन बँकेत कर्ज देताना इतका विचार करत असता, तर निम्मं गाव वाचलं असतं.

मी मात्र थांबले नाही. पूर्ण रेकॉर्डिंग लायब्ररीतल्या बाईला दिलं, तिने कोणालाही न विचारता ठेवून घेतलं. गावातल्या बायका एकेकट्या जाऊन ऐकून येतात. एक जण माझ्याकडे येऊन म्हणाली, “माझी आजीपण निघाली होती.” बसवलं तिला, चहा ठेवला आणि फोन टेबलावर.

म्हातारीला हे सांगितलं तर म्हणाली, “पोरी, हॉलमध्ये नाही ना लागलं अजून.” आणि बरणीत पीठ-पाणी कालवायला लागली. आंबवण लावतेय, म्हणाली, आता पुतण्या बरणी मागायला आला तर सांगायचं, वापरात आहे.