मोतिया गाडीतून सुमनच्या माहेरी

सुनेनं मोबाइलवर जाहिरात दाखवली आणि माझा चहा तसाच निवला. लांब नाकाची मोतिया गाडी, समोर चांदीच्या ताटांसारखे दोन दिवे. दुरुस्त करून नव्यासारखी केलेली. विकणे आहे, काटोल. शाळेतल्या कवितेसारखी ती मला तोंडपाठ होती. काटोलचे एक संत्रा व्यापारी गावातल्या लेकींच्या पाठवणीला ती हौसेनं द्यायचे. माझी सुमनही लग्न होऊन तिच्यातूनच नागपूरला आली. गाडी परक्याची होण्याआधी मागच्या सीटवर दोघांनी एकदा बसावं, एवढंच मनात होतं.

"या वयात गाडी घेऊन राहिले काय तुमी?" असं म्हणत सुमन लुगडं बदलून आली.

प्रताप नगरातून ऑटो, पुढे एसटी. पंचाहत्तरी ओलांडल्यानं मला प्रवास फुकट, सुमनला अर्धं तिकीट. स्टँडवर तर्री-पोहे जरूर खा, पण तिखटजाळ तर्री बेतानं. पुढचे खड्डे पोटाची विचारपूस करत नाहीत. काटोल जवळ आलं की बागा सुरू होतात आणि बसभर संत्र्यांचा वास दरवळतो.

व्यापाऱ्यांचा नातू सचिन फाटकातच भेटला. "काकाजी, घ्याले आले का पाहाले?"

"पाहाले," सुमननंच सांगून टाकलं. "बुढ्याले स्वप्न पडून राहिले."

गाडी झळकत होती. पण सीटचं चामडं नवं होतं. पाठवणीला सीटवर उमटलेला सुमनच्या ओल्या हळदीच्या बोटांचा डाग मी शोधत राहिलो.

"काढला ना, काकाजी. डाग दिसला का गिऱ्हाईक भाव पाडते. रविवारी घेणारे नेऊन राहिले गाडी. बसा, एक चक्कर मारून देतो."

बाकीचं जग चाकाखाली लिंबू ठेवतं. या घरची रीत संत्र्यांची. सचिननं चार संत्री ठेवली. मी आत बसलो, सुमन बाहेरच.

"ये ना."

"मी नाही बसत."

"काहून?"

"तुमाले दिवेच आठोते. मले मांगच्या काचेतून बाबा दिसत होते. लहान लहान होत गेले. तो डाग काहून पडला, माहीत हाय? सीट घट्ट धरली होती मी. उतराचं होतं मले."

पाठवणीच्या त्या दिवशी तिच्या शेजारी बसून मी मनातल्या मनात शाळेतली कविता म्हणत होतो.

सचिन हळूच म्हणाला, "काकू, मंग कुठं नेऊ?"

"माह्या घराकडे ने. पोरी नेल्याच हिनं. एकही परत आणली नाही."

ती बसली. संत्री फुटली, वास आत आला. तिच्या गल्लीत माहेराच्या जागी आता दुसऱ्याच कुणाचं दुमजली घर. ओळखीची फक्त दगडी पायरी. सुमन उतरली आणि तिच्यावर जाऊन बसली. आतून एक बाई आली.

"कोण पाहिजे वं मावशी?"

"कोणी नाही. माहेरी आली."

बाई आत गेली. पाणी आणून दिलं.

परतीच्या बसमध्ये सुमन खिडकीशी टेकून झोपली. घरी सुनेनं विचारलं, "बाबा, कशी होती गाडी?"

माझ्याआधी सुमन बोलली, "चांगली हाय. घरापर्यंत सोडून दिलं मले."

रविवार येऊन गेला. डोळे मिटले की गाडी अजून दिसते, दिवे तसेच. फक्त तिचं नाक आता काटोलकडे असतं.