घागरीला सांगितलेला टीव्ही

वाटूरात पहिला रंगीत टीव्ही कोणाच्या घरी आल्ता असं कोणालाबी इचारा, फाट्यावरच्या हॉटेलवाल्याचं नाव सांगतेल. साफ खोटं. पहिला रंगीत टीव्ही आमच्या शेजारी धुळाजीच्या घरी होता. आता तो टीव्ही काळा-पांढरा होता अन् पाहणारा म्हातारा आंधळा होता, तेवढी गोष्ट सोडून द्या. रंग होते. मी द्वारकाबाई छातीवर हात ठेवून सांगते, कारण दर रविवारी ते रंग म्या माझ्या कानानं पाह्यलेत.

ते रंग भरणारी धुळाजीची धाकटी सून, आसराबाई. पिंपळगाव रेणुकाईची पोरगी. माहेरी म्हणे ही इतकी बोलायची की बाप म्हणायचा, हिला घेऊन जा पण परत आणू नका. अन् सासर कसं मिळालं? नवरा राधाकिसन, त्याचं दिवसभराचं बोलणं म्हंजे 'हं' अन् 'उंहूं'. सासू गोपिकाबाई, तिच्यापुढं भांडंसुद्धा वाजायला घाबरायचं. अन् सासरा धुळाजी. जनम मेंढरामागं गेला, डोळ्यात मोतीबिंदू पिकला तशी मेंढरं इकली अन् ओट्यावर बसला.

त्या घराची रीत अशी की सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं न्हाई, अन् पदर हनुवटीपर्यंत ओढायचा. आता पहा, ज्याला दिसत न्हाई त्याच्यापुढं तोंड झाकायचं, अन् ज्याला निसते कान राह्यलेत त्याच्यापुढं तोंड बंद ठेवायचं! म्हाताऱ्याला अजून भाकर पाह्यजे का, हे इचारायचं असलं तरी ही बाई वाटी वाजवायची. दोनदा वाजली की कालवण, एकदा वाजली की भाकर. म्या एकदा गोपिकाबाईला बोलले, "अगं, त्याला दिसतं का? पदर कशाला?" तर म्हणते, "त्याला दिसत न्हाई, गावाला तर दिसतं." घ्या. कपाळ माझं.

मंग एका साली कापूस बरा झाला अन् राधाकिसननं टीव्ही आणला. सगळी गल्ली रविवारी सकाळी त्यांच्या घरात. धुळाजी काठी टेकत आला अन् पहिल्या रांगेत बसला. राधाकिसन त्या दिवशी चक्क पूर्ण वाक्य बोलला, "आबा, तुम्हाला रेडिओ हाय नं."

"रेडिओ मला अन् टीव्ही तुम्हाला?" म्हातारा म्हणला. "एका घरात दोन पंगती? बिलकुल चालणार न्हाई."

बसला तो बसलाच. मागून पोरं वरडायची, "धुळाजीबाबा, फेटा काढा, काही दिसून न्हाई राह्यलं!" डोळसांना आंधळ्याचा फेटा आड यायचा.

पण टीव्हीवाल्यांची एक खोड असती, तुम्ही पाह्यलं का? जोवर काही घडत न्हाई तोवर लोकं बडबड करतेत. खरं काही घडायला लागलं की सगळे मुके होतेत अन् वाजंत्री सुरू होती. रविवारच्या मालिकेत एक सुमित्रा होती, मोठ्या घरची सून. ती बोलायची तव्हा म्हाताऱ्याला अर्धं-मुर्धं हिंदी कळायचं. पण वाजंत्री सुरू झाली की तो कासावीस. "काय झालं? अरे, काय झालं?" कोण सांगतं? सगळ्यांचे डोळे तिकडं चिकटलेले. एखाद्यानं सांगितलंच तर, "ती गेली, बाबा." "कुठं गेली?" "तिकडं." आता तिकडं म्हंजे परतूरला गेली का विहिरीत गेली, म्हाताऱ्यानं काय समजायचं!

एकदा दुपारी टीव्हीवर बिलकुल आवाज येईना. म्हाताऱ्यानं इचारलं, बिघडला का काय? राधाकिसन म्हणला, "बहिऱ्यांच्या बातम्या. हातवारे." धुळाजीनं काठी जमिनीवर टेकली. मंग म्हणला, "चांगलं हाय. बहिऱ्याची सोय केली सरकारनं. आमची कव्हा करते ते इचार." कोणाला इचारणार? टीव्हीला तोंड असतं, कान नसतेत.

सोय सरकारनं न्हाई केली. ती अशी झाली की, त्या रविवारी सुमित्रा काहीतरी घेऊन चुलीपाशी गेली अन् वाजंत्री सुरू झाली. म्हातारा, "काय झालं, कोणी सांगता का?" म्हणून गुडघ्यावर हात आपटून राह्यला होता, अन् त्याचा आवाज रडवेला झाल्ता. लाज वाटावी असा आवाज. आसराबाई आतल्या दारात बसेल होती, पदर ओढून, बाजूला पाण्याची पितळी घागर. ती एकदम घागरीकडं तोंड करून म्हणली, "अगं घागरी, तिनं नवऱ्याचा फोटो चुलीत टाकला की! अन् आता काठीनं पुन्हा बाहेर ओढून राह्यली. हात भाजला तिचा."

गोपिकाबाई फणकारली, "कोणाशी बोलती गं?"

"घागरीशी," आसराबाई म्हणली. "घागर काही माझा सासरा न्हाई."

आता यात रीत कुठं मोडली, सांगा? गोपिकाबाईनं पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात धुळाजीनं घागरीच्या दिशेनं मान वळवली अन् म्हणला, "घागरीला कोणी इचारा बरं, फोटो निघाला का जळला?"

"घागरी, अर्धा निघाला. नवऱ्याचं डोकं गेलं, कोट राह्यला."

म्हातारा इतका हसला, इतका हसला की त्याला ठसका लागला. म्या त्या घरात त्याला पहिल्यांदा हसताना पाह्यलं.

तव्हापासून दर रविवारी हेच. सासरा घागरीला इचारायचा, सून घागरीला सांगायची, अन् घागर बिचारी दोघांच्या मधात मान राखून बसायची. एका रविवारी म्हाताऱ्यानं इचारलं, "घागरी, सुमित्रानं लुगडं कोणत्या रंगाचं नेसलं?" आम्ही एकमेकींकडं पाह्यलं. टीव्हीत तर सगळं राखेचं. आसराबाई थोडी थांबली अन् म्हणली, "हिरवं. पोटरीला आलेल्या ज्वारीसारखं. लाल काठ."

मंग काय, रंगांचा पूर आला. सासूचा शालू करडईच्या फुलाचा, नवऱ्याची मोटार जांभळी, दाराला निळा पडदा. आम्ही पुढं टीव्ही पाहायचो अन् मागं कान लावायचो. खरं सांगू का, मागचाच टीव्ही चांगला होता. रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या बाया टीव्हीकडं पाठ करून घागरीकडं तोंड करून बसायच्या. लुगड्यांना रंग न्हाईत, हे म्हाताऱ्याला कोणी सांगितलं न्हाई. कामून सांगावं? आमचेबी रंग गेले असते.

अन् आसराबाई! आठ दिवस मुकी, रविवारी तोंड उघडायचं. तिला तेवढीच एक वेळ होती बोलायची. हापशावर भेटली की मला म्हणायची, "द्वारकाक्का, रविवार नसता तर माझी जीभ टाळूला चिकटली असती." हसून म्हणायची, पण मला हसू यायचं न्हाई.

थोरला पोरगा काकासाहेब जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात होता. सणावाराला यायचा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. एका रविवारी त्यानं हा तमाशा पाह्यला. भावजय घागरीशी बोलती अन् अर्धी गल्ली ऐकती! त्याचं तोंड कडू झालं. बाहेर येऊन मला म्हणला, "काकू, घराची इज्जत काही राह्यली का न्हाई? याला एकच इलाज हाय. आबाचा डोळा करून आणायचा. त्यायला दिसायला लागलं की हिचं तोंड बंद."

बापाला दिसावं म्हणून लोकं ऑपरेशन करतेत. यानं सुनेचं तोंड बंद व्हावं म्हणून केलं. पण केलं, खर्चबी केला, तेवढं श्रेय त्याला दिलंच पाह्यजे. धुळाजी आधी लई घाबरत होता, मंग तयार झाला. म्हणे, "एकदा ते हिरवं लुगडं डोळ्यानं पाह्यचंय."

हे ऐकलं अन् आसराबाईनं हापशावर भरलेला हंडा तसाच खाली ठेवला. "द्वारकाक्का, मामाजीला दिसावं म्हणून म्या रेणुकामायला नवस बोलले. खरंच बोलले. पण दिसलं की माझं काय? पहिलं तर त्यायला कळंल, मी खोटारडी हाय. अन् दुसरं, मंग मला कोण इचारंल?" असं म्हणली अन् तिला तिचीच लाज वाटली. पदरात तोंड घालून रडली. मी काय सांगणार? म्हणलं, चल बाई, हंडा उचल.

ऑपरेशन बराबर झालं. एका डोळ्याला दिसायला लागलं. जाड भिंगाचा चष्मा लावून धुळाजी जालन्याहून एसटीतून उतरला अन् गावभर हिंडला. जो भेटंल त्याला म्हणायचा, "अरे, तू तर म्हातारा झाला!" सगळ्यांना मजा वाटली, ज्यांना म्हणला ते सोडून.

रविवार आला. घर गच्च भरलं. काकासाहेब मुद्दाम थांबला होता. धुळाजी पहिल्या रांगेत, फेटा बांधून, चष्मा पुसून. आसराबाई दारात घागरीपाशी, पदर गळ्यापर्यंत, कारण आता तर सासऱ्याला खरंच दिसत होतं. राधाकिसननं टीव्ही लावला. सुमित्रा आली.

म्हाताऱ्यानं पाह्यलं. चष्मा काढला, फुंकर मारली, पुसला, पुन्हा लावला. उठून टीव्हीच्या डोक्यावर एक चापट मारली. "राधाकिसन, याचा रंग उडाला का रे? जल्दी कारागीर बोलव."

काकासाहेब हसला. त्याला हेच पाह्यजे होतं. "आबा, कारागीर काय करंल? ह्या डब्यात रंग कव्हाच नव्हता. मी कापडात जनम काढला, मला इचारा. हिरवं न्हाई, लाल न्हाई, काही न्हाई. इतके दिवस तुमच्या सुनेनं तुम्हाला येड्यात काढलं, अन् हे सगळे बसून ऐकत होते."

कोणी टीव्ही बंद केला, आता आठवत न्हाई. सगळे खाली पाहू लागले, मला धरून. गोपिकाबाई आयती संधी सापडल्यासारखी म्हणली, "म्या सांगतच होते."

धुळाजी जागेवरच वळला. दाराकडं तोंड करून हळूच म्हणला, "घागरी, खरं हाय का?"

आसराबाईनं घागर बाजूला सारली. मला वाटलं संपलं, ही आता आयुष्यात बोलत न्हाई. मंग ती बोलली, पण घागरीकडं पाहून न्हाई. समोर पाहून बोलली.

"खरं हाय, मामाजी. रंग म्या घातले. तुम्ही लुगड्याचा रंग इचारला, तव्हा टीव्हीत तर निसतं काळं होतं. काळं कसं सांगू? काळं तर तुमच्यापाशी पहिलंच होतं."

गोपिकाबाई वरडली, "सासऱ्याशी बोलती?"

"गप बस," धुळाजी म्हणला. जनमभरात बायकोला पहिल्यांदा. मंग काठी टेकत उठला अन् दारापर्यंत गेला. "पोरी, मी आंधळा होतो तव्हा तू माझ्यापुढं तोंड झाकलं. आता मला दिसून राह्यलं. आता तरी दाखव. इतकं सगळं ज्यानं मला दाखवलं, ते तोंड म्या अजून पाह्यलं न्हाई."

काकासाहेब म्हणला, "आबा, लोकं काय म्हणतेल?" लोकं म्हंजे आम्हीच बसेल होतो. आम्ही काहीच म्हणलो न्हाई.

आसराबाईनं गोपिकाबाईकडं पाह्यलं, राधाकिसनकडं पाह्यलं. राधाकिसन म्हणला, "हं." मंग तिनं पदर मागं सारला. काही लई सुंदर न्हाई ती, साधं उन्हानं रापलेलं तोंड, नाकात मोरणी, डोळे रडून सुजलेले. म्हातारा जाड भिंगातून पाहत राह्यला. खूप वेळ पाह्यलं. मंग त्यानं चष्मा काढला, घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवला अन् चाचपडत आपल्या जाग्यावर येऊन बसला.

"चष्म्याचं काम झालं," तो म्हणला. "राधाकिसन, लाव टीव्ही."

त्यानंतर धुळाजी लई वर्षं जगला. चष्मा लावून शेतात जायचा, बाजारात जायचा, भांडायचाबी चष्मा लावून. फक्त टीव्ही पाह्यचा तव्हा चष्मा खिशात. पुढं काकासाहेबानं इज्जतीखातर जालन्याहून खरा रंगीत टीव्ही आणून दिला, तरी चष्मा खिशातच.

पण त्या दिवशी टीव्ही पुन्हा सुरू झाला तव्हाचं सांगते. सुमित्रा दारात उभी होती, वाजंत्री सुरू झाल्ती. म्हाताऱ्यानं इचारलं, "लुगडं कोणतं नेसलं?" आसराबाई सवयीनं घागरीकडं वळली.

"घागरीला कामून सांगती?" धुळाजी म्हणला. "इचारलं म्या."

"हिरवंच हाय, मामाजी," ती म्हणली. "लाल काठाचं."