लोकर अंगावरच राहिलेला उन्हाळा

मत जेंकिनचं होतं, निर्णय त्याच्या बायकोचा. १८६८च्या निवडणुकीत वेल्समधल्या कार्डिगनशायर परगण्यात मत तोंडाने, चारचौघांत द्यावं लागे. ट्रेगारॉनच्या चौकात फळ्यांचा मंच होता आणि त्याच्या पायथ्याशी जेंकिन ज्या जहागिरीचं कुळ होता, तिचा कारभारी कान देऊन उभा.

"मालक सांगतील ते नाव घ्या आणि गुमान घरी या," लेटिसने आदल्या संध्याकाळी बजावलं होतं.

"आणि आपल्या चॅपलातली, प्रार्थनेला बरोबर बसणारी माणसं? ती सगळी लिबरलाच्या बाजूची."

"चॅपल कुरण देणार आहे का आपल्याला?"

जेंकिनने मालकांच्या टोरी उमेदवाराचं नाव इतक्या हळू घेतलं, की कारकुनाने पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा ते सगळ्या चौकाने ऐकलं. त्याच्यामागून लेटिसचा धाकटा भाऊ शॅड्रॅक चढला. त्याने लिबरलाचं नाव खणखणीत घेतलं.

लिबरल निवडून आला. वसंतात जहागिरीने शॅड्रॅकला शेतावरून काढलं. गाडीत सामान चढवताना लेटिस रडू लागली, तेव्हा तो म्हणाला, "तुझं छप्पर शाबूत आहे ना, ताई? मग रडतेस कशाला?"

त्या डोंगरात प्रत्येक घराचा लोकर कातरायचा दिवस वाडवडिलांपासून ठरलेला. शेजारी न बोलावता येत, मजुरी कुणी घेत नसे. त्या उन्हाळ्यात जेंकिन कातर घेऊन दुसऱ्यांकडे गेला, तर त्याला कातरायला बसायला बाक मिळालं नाही. तरीही आपल्या दिवशी लेटिसने मोठ्या हंड्यात मटण शिजवलं, भाताची खीर केली. अंगणात बाकं मांडली. मेंढ्या वाड्यात ओरडत राहिल्या.

दुपारी चॅपलातला थिओफिलस तट्टावरून खालच्या वाटेने चालला होता.

"थिओफिलसदादा, आज आमचा दिवस!" तिने हाक मारली.

"ठाऊक आहे. कारभाऱ्याला बोलव की. हात मऊ आहेत त्याचे, लोकरीने आणखी मऊ होतील."

दोघांनीच कातरायला घेतलं. कळप मोठा, हात चार. त्यातच पाऊस आणि दमट उकाडा. ओल्या लोकरीत माश्यांनी अंडी घातली. अळ्यांनी मेंढ्या जिवंतपणी पोखरल्या. जेंकिन मेलेल्या मेंढ्या ओढून खड्ड्यात टाकी, लेटिस उरलेल्यांच्या जखमा धुई. ऋतू सरेपर्यंत कळप संपला.

कारभारी आला, टोपी काढून बोलला. "मालकांना तुमच्या निष्ठेची कदर आहे. पण मेंढ्यांशिवाय कुरण काय कामाचं, बाई?" हिवाळ्याआधी तिथे दुसरं कुळ आलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या कुळाच्या कातरणीला सगळे शेजारी गेले.

जेंकिन दुसऱ्यांच्या शेतावर राबू लागला. लेटिस शिशाच्या खाणीवर दगड फोडायला जाई. पुढे गुप्त मतदानाचा कायदा आला, पण मत जमीन कसणाऱ्यालाच असे; जमीन गेल्यावर जेंकिनचं मतही गेलं होतं.

मत दिलं ते बरोबरच दिलं, असं लेटिस मरेपर्यंत म्हणत राहिली. जेंकिन तेव्हा उठून बाहेर जाई. एरवीही तो तिच्याशी फारसं बोलत नसे.