चारीवरच्या पाटकऱ्यासारखं मशीन

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बारामतीच्या एका कॉलेजात संगणकाची खोली माझ्याकडे होती आणि शेळगावहून एसटीनं येणारा एक हंगामी सहकारी माझ्या हाताखाली. त्यानं जुन्या मशीनवर लिनक्स चढवून कॉलेजचा वेब सर्व्हर उभा केला. प्राचार्यांना काम पटलं, तरच त्याची नेमणूक पुढं चालणार होती.

कॉलेजच्या साईटचं पहिलं पान त्यानं केलेलं होतं. मला ते बघवेना. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये शिरून मी त्या जागी माझं पान लावलं. चहा पिऊन आलो, तर पुन्हा त्याचंच. परत बदललं, परत तेच. मी तडक प्राचार्यांकडं गेलो.

त्यांनी त्याला बोलावलं. "मी हात लावला न्हाय, सर," तो म्हणाला. "मशीनच करतंय."

"मशीनला तुझं पान आवडतंय, व्हय?" मी म्हणालो. प्राचार्य हसले. "बघू पुढच्या महिन्याचं," म्हणाले.

खोलीत आल्यावर त्यानं मला खुर्ची दिली. "बसा सर. बदला परत."

मी बदललं. तो हाताची घडी घालून उभा राहिला. तास भरला आणि कुणी कळ न दाबता त्याचं पान परतलं. हट्टानं मी सर्व्हरचा प्रोग्रामच बंद केला. पुढच्या तासाला तो प्रोग्रामही आपोआप चालू झाला.

मग त्यानं एक फाईल दाखवली. काय काय करायचं, हे तिच्यात नव्हतंच. मशीन कसं असावं, एवढंच होतं: सर्व्हर चालू असावा, पहिलं पान हे असावं. दर तासाला मशीन स्वतःला तिच्याशी ताडून बघायचं आणि बिघडलेलं गुपचूप सावरायचं.

"आमच्या कालव्याच्या चारीवर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यागत हाय," तो म्हणाला. "कुणी चोरून दार उघडलं, तर येऊन लावून जातोय. भांडत न्हाय. पाणी पायजे तर त्याच्या वहीतली पाळीच बदलून घ्यायची."

मी प्राचार्यांना सांगितलं, सर्व्हर उत्तम आहे, याला ठेवा. त्यांनी ठेवलं. पण त्यानं हात लावला नव्हता, मी खोटा ठरलो, हे माझ्या तोंडून निघालं नाही. तो दारातच उभा होता.

"तुमचं पान फाईलीत टाकू का?" बाहेर आल्यावर त्यानं विचारलं. "मंग ऱ्हाईल."

त्यानं टाकलं. ते मशीन चालू होतं तोवर दर तासाला माझंच पान जपत राहिलं.