खोळीखालचा टाका

शिवणमावशीला गाडी चालवता येत नव्हती, पण गाडीतली सीट तिने डोळे मिटूनही ओळखली असती. नवराबायकोने उभा जन्म गाड्यांच्या सीटा शिवण्यात घातला. तो हाताने शिवायचा, ती मशीनवर. तोंड मात्र तिचं एकटीचंच चालायचं. "धाग्याचा काय भरवसा," म्हणत तो प्रत्येक शिवणीच्या शेवटी एक टाका मागे घ्यायचा आणि मगच गाठ मारायचा. तो गेला आणि त्याच्या हातचं काहीच उरलं नाही. टॅक्सी भंगारात गेल्या, सीटा लोकांनी बसून बसून फाडल्या. लोक तरी काय करणार, सीट असते बसायलाच.

अशात एका सकाळी निवृत्त डॉक्टर आपली जुनी, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार घेऊन दुकानी आले. कंपनीने शर्यतीसाठी मोजक्याच स्पेशल एडिशन गाड्या काढल्या होत्या, त्यातलीच ही, असं त्यांचे वडील मरेपर्यंत सांगत राहिले आणि भाऊबंद तेवढीच वर्षं हसत राहिले. इंजिन मागेच बदललेलं, त्यामुळे गाडी अस्सल की नक्कल ते ठरवणाऱ्या तपासनीसाची सगळी भिस्त सीटवर होती. अस्सल गाडीत करड्या कातड्याच्या उभ्या पट्ट्या हव्यात. इथे साधं काळं रेक्झिन.

"नक्कल आहे म्हणाला," डॉक्टरांचा आवाज पडला होता. "मावशी, तुम्ही एकदा बघा. बाबा थापा मारणारे नव्हते हो."

मावशीने सीटच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते जागीच थांबलं. शिवणीच्या शेवटी एक टाका मागे, मग गाठ.

तिचा नवरा जुनं कातडं कधी काढून टाकत नसे. त्याच्यावरच नवी खोळ चढवायचा. हे आता जगात तिला एकटीला ठाऊक होतं. ती गप्प बसली तर त्याच्या हातची खोळ वाचणार होती आणि डॉक्टरांचे वडील कायमचे थापाडे ठरणार होते. बोलली, तर खोळ उसवावी लागणार होती. मावशी बराच वेळ सीट कुरवाळत बसली.

"खाली जुनं कातडं असणार," ती शेवटी म्हणाली. "उसवावं लागेल. पण मीच उसवते. दुसऱ्या कुणाचा हात नको."

एकेक टाका तिने जपून काढला. रेक्झिन बाजूला झालं आणि खाली करड्या कातड्याच्या उभ्या पट्ट्या दिसल्या.

"बाबा खरंच सांगत होते," म्हणत डॉक्टर दुकानाच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मावशीचं लक्ष भलतीकडेच होतं. कातड्यावर एक जुनी चीर होती, अगदी निगुतीने सांधलेली, आणि शेवटी एक टाका मागे. वरून खोळच येणार, कुणाच्या बापाला दिसणार नव्हतं! "दिसत नाही तिथे कशाला धागा नासवता?" म्हणून ती जन्मभर त्याच्याशी भांडली होती. आता त्या टाक्यावर हात ठेवून ती तशीच बसून राहिली.

डॉक्टर डोळे पुसत जवळ आले. "एवढं शिवलेलं तेवढं कंपनीचं दिसत नाही. बदलायचं का?"

"नको, राहू द्या. तपासनीसाला खरं काय ते सांगा. एवढा सांधा कंपनीचा नाही म्हणावं."

"मग कुणाचा म्हणून सांगू?"

नवऱ्याचं नाव घ्यायची सवय तिला कधीच नव्हती.

"आमच्या ह्यांचा," ती म्हणाली.