देवाकडे मागितलेला गणवेश

शुक्रवारचा शेवटचा तास गाईडचा, असं वेळापत्रकात लिहिलेलं. प्रत्यक्षात तो गणिताच्या सरांचा. "बाई, जरा पोर्शन राहिलाय," म्हणत ते खडू घेऊन वर्गात शिरायचे आणि मी, गाईड पथकाची कॅप्टन, गळ्यात शिटी अडकवून व्हरांड्यात उभी. एक दिवस माझं डोकंच सटकलं. म्हटलं, खड्ड्यात गेला तुमचा तास. मी रविवारी माझ्या घरी शिकवते, ज्यांना यायचंय त्यांनी या.

पहिल्या रविवारी माझी पडवी मुलींनी भरली. तो मी केलेल्या केकचा प्रताप होता, हे दुसऱ्या रविवारी कळलं. केक नव्हता, मुलीही नव्हत्या. एकच आली, दहावीतली, हाडकुळी, गावाहून एसटीने मालवणात उतरून माझ्या घरापर्यंत चालत. गाईडच्या राज्य पुरस्काराच्या चाचणीला बसायचं तर ठरावीक प्रावीण्य पदकं आधी मिळवावी लागतात. पथकाच्या तासात ती मिळणं शक्य नव्हतं, तर ही दर रविवारी माझ्याकडे येऊन मिळवत सुटली. स्वयंपाक झाला, शिवण झालं, आजाऱ्याची शुश्रूषा झाली. मी एखाद्या रविवारी मासे आणायला बाजारात रेंगाळले तर ही माझ्या पायरीवर बसलेली असायची, तोंड फुगवून.

एवढी घाई कशाला, ते तिच्या बापाकडून कळलं. तो काजूच्या कारखान्यात कामाला. दहावी झाली की पोरीलाही तिथेच लावायची, हे त्याचं ठरलेलं. तिला नर्स व्हायचं होतं. "बाईनु, रोज माजा डोक्या खायत होता," तो मला म्हणाला. "मगे मी सांगलंय, राज्यपालाची सही असलेलो कागद घराक घेवन ये, मगे बघूया." त्याने हे चेष्टेत म्हटलं असणार. पण राज्य पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर राज्यपालांची सही असते, हे पोरीला ठाऊक होतं. तिने ते बापाचं वचन म्हणून धरलं. आणि दहावीनंतर शाळाच संपणार, म्हणजे संधी ही एकच.

चाचणीची तारीख आली आणि त्याच आठवड्यात गावपळण ठरली. आमच्या शाळेच्या गावात काही वर्षांनी ती होतेच. देवाचा कौल झाला की अख्खा गाव, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, सगळं घेऊन शिवेबाहेर जातो आणि रानात झोपड्या बांधून तीन दिवस राहतो. मागे गावात चिटपाखरू उरत नाही. आम्हा ख्रिस्तांवांची दोन घरं आहेत तिथे, तीही निघतात. तिसऱ्या दिवशी देवाला विचारायचं, त्याने हो म्हटलं की परत फिरायचं. तोवर कुणी गावात पाऊल टाकायचं नाही.

तिसऱ्या दिवशी परत आणि चौथ्या दिवशी सकाळी कुडाळला चाचणी. म्हटलं, बसतंय सगळं. शाळा बंद होती, मी रोज स्कूटरवरून त्या झोपड्यांपाशी जायची आणि प्रथमोपचाराची उजळणी घ्यायची. शेजारच्या झोपडीतली म्हातारी हौसेने हात मोडून घ्यायला तयार असे. तिच्या गळ्यात त्रिकोणी पट्टीची झोळी बांधली की ती तशीच सगळीकडे मिरवून यायची. मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दुपारी मानकरी कौल घ्यायला बसले. देऊळ शिवेच्या अगदी तोंडाशी आहे, तिथवर सगळ्यांना जाता येतं. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. आणखी एक रात्र बाहेर.

लोकांनी हात जोडले आणि चुली पेटवायला गेले. माझ्या शेजारी पोरगी पांढरीफटक पडली होती.

"बाईनु, माजो गणवेश घराक आसा."

झोपडीत धूर आणि शेणमाती, कपडे मळतील म्हणून तिने गणवेश इस्त्री करून घरी खुंटीला लावून ठेवला होता. आणि गणवेशाशिवाय चाचणीला उभं करत नाहीत. पथकातल्या बाकीच्या मुली त्याच गावच्या, त्यांचेही गणवेश आत. मी शेजारच्या शाळेतल्या कॅप्टनला फोन लावला. तिच्या मुली स्वतःच चाचणीला बसणार होत्या, जास्तीचा कमीज कुणाकडे नव्हता. मालवणात तयार मिळत नाही, शिवून घ्यावा लागतो. माझा दिला असता तर त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. काय करावं सुचेना. रडकुंडीला आले मी.

मग मनात आलं, मी कशाला अडून बसलेय? मी ना ह्या गावची, ना ह्या देवाची. स्कूटरवर जाते, खुंटीवरचे कपडे उचलते आणि येते. स्कूटर चालू केलीसुद्धा. तर पोरगी समोर येऊन हँडल धरून उभी.

"नको बाईनु. उद्या गावात कोणाचा काय वायट झाला तर सगळे माजाच नाव घेतले. माका तशी सही नको."

"अगो, मग कारखान्यात जातलंस?" मी ओरडलेच तिच्यावर. ती हलली नाही. मी स्कूटर बंद केली आणि देवावर, माणसांवर, गणिताच्या सरांवर, सगळ्यांवर भडकले. काय उपयोग?

तिचा बाप बाजूला उभा राहून हे सगळं बघत होता. तो तडक मानकऱ्यांकडे गेला आणि म्हणाला, देवाक माज्यासाठी गाऱ्हाणं घाला. त्यांतल्या थोरल्या मानकऱ्याने आयुष्यात पावसासाठी, पोरासाठी, हरवलेल्या बैलासाठी गाऱ्हाणं घातलं असेल, गाईडच्या गणवेशासाठी कधी नाही. लोक परत जमले. मानकरी म्हणाला, "कित्याक व्हयो तो गणवेश? देवाक कारण सांगाक व्हया."

बाप आधी घुटमळला. मग म्हणाला, "माज्या चेडवाक नर्स करूचा आसा, म्हणान."

"बा देवा म्हाराजा!" मानकऱ्याने आवाज लावला. "ह्या तुज्या लेकराक आपल्या चेडवाक नर्स करूचा आसा. तेचो गणवेश आत रवलो. एक माणूस आत जातलो, कपडे उचलतलो आणि मागे फिरतलो. ता तू मान्य कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव म्हणाला. मीही म्हणाले. गळ्यातला क्रूस मुठीत धरून म्हणाले, कोणाला काय वाटायचं ते वाटो.

कळी बराच वेळ हललीच नाही. मग डावी पडली.

सकाळी मी तिला साध्या पंजाबी ड्रेसवरच कुडाळला नेलं. गळ्यात माझा स्कार्फ, कमरेला माझा पट्टा, तोही दोरीने आवळलेला. परीक्षक घाटावरचे, इथे नवीन. मी गावपळण समजावली, कौल समजावला, हात जोडले. आयुष्यात कुणापुढे इतकी लाचार झाले नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, देवाने नाही सांगितलं म्हणून गणवेश नाही? असं कारण मी वर कसं कळवू?" आणि समोर उभ्या असलेल्या पोरीच्या नावापुढे त्यांनी 'अनुपस्थित' लिहिलं. ती तिथेच उभी होती हो! तोंडपाठ सगळं, पट्टी डोळे मिटून बांधली असती तिने.

परत येताना ती स्कूटरवर मागे बसली होती. मी बापापुढे काय बोलायचं ते मनात घोळवत होते. पाया पडेन, माझ्या घरी ठेवून घेईन तिला, पण कारखाना नको.

तोवर सकाळचा कौल उजवा झाला होता आणि लोक घरी निघाले होते. तिचा बाप झोपडीच्या काठ्या सोडत होता. मी घडलेलं सांगितलं. तो ऐकत राहिला, काठ्या मोळीत बांधत राहिला. पोरगी लांब उभी.

"ऐक रे बाबा," मी सुरुवात केली, "पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी खंयची चाचणी बाईनु, शाळाच संपली तिची," तो म्हणाला. मग दोरीची गाठ मारली आणि पोरीकडे न बघताच बोलला, "मी देवाम्होरं, सगळ्या गावाम्होरं सांगान बसलंय, चेडवाक नर्स करूचा आसा म्हणान. देवान नाय म्हटल्यान ता गणवेशाक. नर्स करूक खंय नाय म्हटल्यान?"

पोरगी मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. त्याने मोळी उचलून डोक्यावर घेतली आणि म्हणाला, "रडतंस काय गो? ती कोंबडी धर, पळतली."