साडूभाऊंचं दीड क्विंटल

जड वस्तू कशी उचलावी हे आजच्या घडीला साऱ्या पृथ्वीतलावर एकाच माणसाला कळतं, तो माणूस ढोकीला राहतो आणि माझा थोरला साडू आहे. बाकी सगळी मानवजात चुकीचं उचलते असं त्यांचं ठाम मत आहे, आणि देवादिकांनाही त्यांनी त्यातून वगळलेलं नाही. आमच्या धाराशिवच्या घरी भिंतीवर एक कॅलेंडर आहे, त्यात मारुतिराया एका हातावर द्रोणागिरी घेऊन उडतोय. साडूभाऊ पहिल्यांदा जिमला जायला लागले त्या वर्षी आमच्याकडे आले, चहाचा कप हातात तसाच धरून बराच वेळ त्या चित्राकडं बघत राहिले आणि म्हणाले, "एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काय? गदा? कसं जमायचं पावणं? कंबर जाती अशानं." माझ्या बायकोनं हात जोडून मारुतीची क्षमा मागितली. त्यांनी मात्र चहा संपवला आणि कपबशी खाली ठेवताना गुडघे वाकवले.

साडूभाऊंचं ढोकीच्या पेठेत कापडाचं दुकान आहे. पन्नाशीच्या आसपासचा, बेताच्या उंचीचा, भरघोस मिशांचा आणि अत्यंत गोड बोलून साडी खपवणारा हा गृहस्थ व्यायामाच्या वाटेला जाईल असं त्यांच्या पत्रिकेतही नव्हतं. पण काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकासमोर शौर्य दाखवायला म्हणून त्यांनी कापडाचा गठ्ठा एका हिसक्यात उचलला आणि पाठीत अशी उसण भरली की पुढं कितीतरी महिने अंथरुणाला खिळले. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, दुकानही सांभाळलं आणि त्यांनाही. उठायला लागल्यावर डॉक्टर म्हणाले की पाठ पुन्हा धरायला नको असेल तर तिला ताकद आणा, नीट शिकून वजनं उचला. वजनामुळं मोडलेल्या माणसाला वजनंच उचलायला सांगणारा हा कसला डॉक्टर, म्हणून अक्कांनी त्या दवाखान्याचं नाव टाकलं. साडूभाऊंनी मात्र बूट घेतले आणि सलीमची जिम गाठली.

ही जिम म्हणजे साखर कारखान्याच्या रस्त्यावरचं एक पत्र्याचं जुनं गोदाम. हंगामात बाहेरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, छाती हादरेल अशी गाणी वाजवत जातात आणि आत ट्रॅक्टरवाले, कारखान्यातले कामगार, बागायतदारांची पोरं दंड फुगवत असतात. सलीम गडी मोठा दिलदार, पण शिस्तीच्या नावानं शून्य. साडूभाऊ आले आणि महिन्याभरात त्या गोदामाचे फौजदार झाले. रॉडच्या टोकाला प्लेटा निसटू नयेत म्हणून जे लॉक लावतात ते स्वतःच्या पिशवीतून आणून ते दुसऱ्यांच्या रॉडना लावू लागले. बाकावर झोपून छातीवरून वजन मारणाऱ्या प्रत्येकाला "मागं कोण हाय?" हा त्यांचा सवाल ठरलेला. मागं धरायला माणूस नसेल तर दुकानातली घडी मोडावी तितक्या सहज ते त्याला बाकावरून उठवायचे. एकदा एका ट्रॅक्टरवाल्यानं रॉडच्या एकाच बाजूच्या सगळ्या प्लेटा उतरवल्या. रॉड दुसऱ्या बाजूला असा उलटला की समोरचा आरसा खळकन खाली आला. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून साडूभाऊ घरी दांडीवरचे वाळलेले कपडेसुद्धा एक डावीकडचा, एक उजवीकडचा असेच काढतात. अक्का म्हणतात, "चादर एका बाजूला आली की त्यांना घाम फुटतो."

अंग गरम केल्याशिवाय काहीही उचलायचं नाही हा त्यांचा दुसरा धर्म. आमच्याकडं गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी जिन्याखाली अडवलं आणि आधी हातपाय मोकळे करायला लावले. कंपनीचा नवा नियम आला असावा असं समजून त्या बिचाऱ्यानं उठाबशा काढल्या, खांदे फिरवले आणि जाताना मलाच विचारलं, "साहेब, रोज करायचं का हे?" पण खरा कळस झाला तो तामलवाडीला, माझ्या पुतण्याच्या लग्नात. हल्ली हार घालायच्या वेळी मित्रमंडळी नवरदेवाला वर उचलतात, नवरीचा हात पोचू नये म्हणून. आमचा पुतण्या खात्यापित्या घरचा, क्विंटलच्या घरात जाणारा. अख्ख्या विवाहविधीत साडूभाऊंना मनापासून पटणारा शब्द एकच, 'सावधान', आणि तो शेवटचा उच्चारला जाताच ते अंतरपाटाच्या आत घुसले. "थांबा! कुणी कुठं धरायचं ते ठरलंय का? मागं कोण हाय? आन् थंड्या अंगानं एवढं मोठं वजन उचलता व्हय?" आधी हलकं वजन उचलून बघायचं असा त्यांनी हुकूम दिला. मांडवात सगळ्यांत हलका कोण, अशी नजर फिरली आणि ती माझ्यावर थांबली. भर मांडवात, व्याह्यांच्या देखत, वाजंत्री चालू असताना मला वर उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. दुसऱ्या खेपेला नवरी हार घेऊन तयारच होती, तिच्या करवलीनं तिला आवरलं. नंतर नवरदेव मात्र असा अलगद वर गेला आणि असा अलगद खाली आला की भटजीही "वा!" म्हणाले.

एवढं सगळं असून हा माणूस स्वतः किती उचलतो, हा प्रश्न कुणालाही पडेल. तिथंच गंमत होती. साडूभाऊंचं एक स्वप्न होतं, जमिनीवरचं दीड क्विंटल एकदा उचलून ताठ उभं राहायचं. सव्वाशे किलोपर्यंत ते पोचले होते आणि तिथंच अडले होते. ताकद नव्हती म्हणून नव्हे. दीडचा दिवस ठरला की काहीतरी नीट नसायचं. कधी फरशी ओलसर, कधी झोप अपुरी, कधी आदल्या दिवशीच्या पुरणपोळीनं पोट जड. मी चिडवायचो, "साडूभाऊ, मुहूर्त काढून घ्या एकदा." ते शांतपणे म्हणायचे, "उचलायचंय पावणं. कुणाला दाखवायला न्हाय. पाठीला दाखवायचंय."

यंदा गाळप सुरू झालं आणि त्यांचा फोन आला. गोदामाच्या मालकानं जागा खताच्या दुकानाला दिली होती, जिम बंद होणार होती आणि वजनं सोलापूरच्या कुणीतरी घेतली होती. रविवार शेवटचा. "पावणं, या. आता न्हाय तर कधीच न्हाय," ते म्हणाले, आणि आवाज असा होता की मी चेष्टा विसरलो.

रविवारी आम्ही पोचलो तर अक्का लुगड्याचा पदर खोचून बाहेर निघालेल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या गोदामाचा उंबरा शिवला नव्हता. "मी येणार," एवढंच त्या म्हणाल्या. साडूभाऊंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि बुटाची नाडी दोनदा बांधली.

गोदामात ही गर्दी! कारखान्याचे लोक, पेठेतले दुकानदार, रस्त्याला ट्रॅक्टर लावून आलेले ड्रायव्हर. एकानं तेरखेड्याहून फटाक्यांची भली मोठी लड आणली होती, ती साडूभाऊंनी पहिल्यांदा बाहेर काढायला लावली. मग फरशी पुसून घेतली. दोन्ही बाजूंच्या प्लेटा स्वतः तपासल्या, लॉक ओढून पाहिले. आधी रिकामा रॉड, मग थोडं, मग आणखी थोडं असं अंग गरम केलं. शेवटी रॉडच्या दोन्ही टोकांपासून लोकांना लांब सारलं आणि पट्टा आवळत सगळ्यांना बजावलं, "हे बघा, बाकावरच्या वजनाला मागं माणूस लागतो. जमिनीवरून उचलताना कुणीबी हात लावायचा न्हाय. न्हाय झेपलं तर मी खाली ठेवीन. माझं मी." सलीम म्हणाला, "काका, आज हो जाने दो!" आणि बाहेरचा गाण्याचा ट्रॅक्टरसुद्धा कुणीतरी बंद करून आला.

माझी स्थिती सांगतो. मी आयुष्यात रिकाम्या सिलेंडरपलीकडं काही उचललेलं नाही, तरी माझे तळहात घामानं चिंब झाले होते. साडूभाऊ रॉडशी उभे राहिले. पाय रोवले, गुडघे वाकवले, पाठ फळीसारखी सरळ. पोटात श्वास भरला. रॉड हलला! जमिनीपासून सुटला! नडगीला घासत वर, अजून वर, आणि गुडघ्याशी येऊन थबकला. गोदाम नुसतं ओरडत होतं. साडूभाऊंचा चेहरा लालबुंद झाला, मिशा थरथरायला लागल्या. पाठ मात्र तसूभर वाकली नव्हती. पण रॉड वरही जाईना आणि ते खालीही ठेवीनात.

आता आमच्या भागाची एक रीत सांगायला हवी. शिवारात कुणी उसाची मोळी नाहीतर कडब्याची पेंढी उचलत असेल आणि अडलं, तर बघत उभं राहणं म्हणजे पाप. वाटेवरचा अनोळखी माणूससुद्धा हातातलं टाकून उचलू लागतो. मागावं लागत नाही. तेव्हा नियम ठाऊक असूनही गोदामातले सगळे हात पुढं शिवशिवत होते, आणि त्या सगळ्यांच्या आधी अक्का धावल्या. "अहो, थांबा, म्या हाय!" म्हणत त्या गर्दीतून घुसल्या, समोर वाकल्या आणि त्यांनी रॉडच्या मधोमध दोन्ही हात घातले. बांगड्या लोखंडावर वाजल्या. सलीम "चाची, नको!" म्हणून ओरडेपर्यंत रॉड गुडघ्यावरून सरकला, मांडीवर चढला आणि साडूभाऊ ताठ उभे राहिले.

दीड क्विंटल हातात धरून, दम रोखून, तो माणूस पहिलं काय बोलला असेल? "अगं, पाठ सरळ ठेव!"

मग दोघांनी मिळून ते सावकाश खाली ठेवलं. त्यानंतर जो कल्ला झाला तो विचारू नका. बाहेर तेरखेड्याची लड लागली, ट्रॅक्टरची गाणी पुन्हा सुरू झाली, ड्रायव्हर नाचले, मीही नाचलो, कसा ते बायकोला विचारा. कुणीतरी साडूभाऊंना खांद्यावर घ्यायला धावलं, तर त्या गोंधळातही ते "मागं कोण हाय?" म्हणून ओरडलेच. त्या संध्याकाळी पेठेत जो भेटेल तो विचारायचा, किती उचललं? साडूभाऊ प्रत्येकाला सांगायचे, "दीड. त्यातलं पंचवीस किलो हिचं." आणि अक्का पदर तोंडाला लावून हसायच्या. एवढं हसताना मी त्यांना त्या उसणीच्या दिवसांपासून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघायच्या तयारीत होतो. माझी बायको पिशव्या भरत होती, साडूभाऊ दुकानात गेले होते. अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, चहा दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पावणं, एक सांगू? म्या कुठला जोर लावला? त्यांचं त्वांड बघून माझ्या हातातला जीवच गेला हुता. रॉडला नुसते हात टेकलेले. सगळं त्यांनीच उचललं." मी थक्क झालो. म्हणालो, "अक्का, मग सांगा ना त्यांना! केवढा आनंद होईल." त्यांनी मान हलवली. "न्हाय. माझं पंचवीस किलो सांगताना त्यांचा चेहरा बघितला न्हाय का तुमी? राहू द्या."

माझ्यासारख्या माणसाला असली गोष्ट पोटात ठेवणं कुठलं जमायला! साडूभाऊ आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आले. माझी बायको गाडीत चढून जागा धरायला गेली आणि मी त्यांना बाजूला घेतलं. "साडूभाऊ, ते पंचवीस किलो..." एवढंच म्हणालो असेन. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "हातावरचं वजन कमी झालं का न्हाय, हे मला कळत न्हाय व्हय? एक मासाबी कमी झालं न्हवतं."

"मग?"

"मग काय? ती म्होरं आली, म्हणून म्या खाली ठेवलं न्हाय. तिला सांगू नका."

समोरून वजनांचा टेम्पो सोलापूरच्या रस्त्याला लागला होता. प्लेटा एकावर एक रचून दोरखंडानं बांधल्या होत्या आणि मागच्या बाजूला तो लांब रॉड बाहेर आलेला दिसत होता. साडूभाऊ तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. एसटीचा कंडक्टर घाई करायला लागला. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा ते जवळ आले आणि साडी दाखवताना कधी न ऐकलेल्या, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पावणं, तुमी जवळच हुता. समदं वर आलं हुतं न्हवं?"

"समदं आलं," मी म्हणालो. "तुम्ही एकट्यानं आणलंत."

त्यांनी मान डोलावली, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला. "मंग बास," ते म्हणाले, आणि पेठेतल्या दुकानाकडं परत चालू लागले.